पहिले पाच किलोमीटर फसवतात

परवा लाँग रन संपल्यावर ग्रुपमधल्या एका नवीन मुलाने विचारलं, दादा, सुरुवातीला पाय मोकळे असतात तेव्हाच जोरात पळून वेळ वाचवला आणि मग दमल्यावर निवांत गेलो तर काय बिघडलं? मी पहिल्या मॅरेथॉनला (42 किलोमीटर) नेमकं हेच केलं होतं. हाफला, म्हणजे अर्ध्या अंतराला, ठरवलेल्या वेळेच्या चार मिनिटं पुढे होतो, भारी वाटत होतं, आणि 32 व्या किलोमीटरला पाय असे जड झाले की पुढच्या दहा किलोमीटरमध्ये ती चार मिनिटं तर गेलीच, वर वीस मिनिटं गेली.

होतं काय, की पेस, म्हणजे पळण्याचा वेग, जितका जास्त तितकं शरीर फॅटपेक्षा ग्लायकोजेन (स्नायू आणि यकृतात साठलेली साखर) जास्त जाळतं, आणि त्याचा साठा मोजकाच असतो. पहिल्या पाच किलोमीटरात हे कळतच नाही, कारण टेपरमुळे (शर्यतीआधी सराव कमी केल्यामुळे) पाय ताजे, आजूबाजूला गर्दी, त्यामुळे चुकीचा पेससुद्धा सोपा वाटतो.

मला यातलं सगळ्यात आवडणारं म्हणजे मेंदूचा हिशोब. आत्ता किती दम लागलाय आणि अजून किती अंतर उरलंय, हे तो सतत ताडून बघत असतो. म्हणून तर 38 व्या किलोमीटरला दमून मेलेला माणूस फिनिशची कमान दिसली की स्प्रिंट मारतो, म्हणजे काहीतरी मागे राखून ठेवलेलं होतंच ना! दक्षिण आफ्रिकेचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम नोक्स यांनी यालाच ‘सेंट्रल गव्हर्नर’ म्हटलं, त्यावर वाद खूप आहेत, पण मूळ निरीक्षण प्रत्येक रनरला पटेल.

केनियाचा धावपटू केल्विन किप्टम याची 2023 ची शिकागो मॅरेथॉन बघा. पहिला हाफ 60:48, दुसरा 59:47, एकूण 2:00:35, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. त्याआधीचा रेकॉर्ड केनियाच्याच एलिउड किपचोगेचा, बर्लिन 2022, तिथे पहिला हाफ 59:51 आणि दुसरा 61:18. किपचोगेसारख्या माणसालासुद्धा वेगवान सुरुवातीनंतर दुसऱ्या हाफमध्ये जवळपास दीड मिनिट जास्त लागलं. किप्टम फक्त 24 वर्षांचा असताना गेला, अजून वाईट वाटतं.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की पहिले पाच किलोमीटर घड्याळात ठरवलेल्या पेसपेक्षा किलोमीटरमागे पाच-सात सेकंद हळू दिसले तरी घाबरू नकोस, आणि ऊन किंवा चढ असेल तर पेस सोड, श्वास बघ. पूर्ण वाक्य बोलता येतंय का? येत नसेल तर 10 व्या किलोमीटरलाच हळू हो, 32 व्याची वाट बघू नकोस.