चंद्रीचे चार दिवस आणि आठ इंजेक्शनं

आमची चंद्री गीर, चौथ्या वेताची. दूध चांगलं, स्वभाव शांत, आजवर एकदाही दगडी (कासेचा दाह) झाली नाही. पण चार वेतांत कालवड एकच, बाकी तिन्ही खोंड. अशा गाईचा वंश वर्षाला एका वासराच्या वेगाने वाढवायचा तर तिचं आयुष्य पुरायचं नाही, म्हणून ईटी, म्हणजे तिचे गर्भ काढून दुसऱ्या गाईंच्या पोटी ठेवायचं ठरलं.

आईचा विरोध होता. एवढी इंजेक्शनं कशाला टोचायची मुक्या जनावराला, हा तिचा प्रश्न, आणि तो मला रास्त वाटला म्हणून डॉक्टरांना नीट खोदून विचारलं. तर होतं असं, की गाईच्या २१ दिवसांच्या चक्रात अंडाशयावर एका वेळी बऱ्याच पुटिका, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, वाढायला लागतात, पण त्यातली एकच मोठी होते आणि बाकीच्या तिच्यामुळे जिरून जातात. एफएसएच हा गाईच्या मेंदूखालच्या ग्रंथीतूनच येणारा हार्मोन, तो वरून दिला की एरवी जिरणाऱ्या पुटिका पण वाढतात. आईला हे पटलं, "म्हणजे वाया जाणारंच वाचवायचं" म्हणाली.

माज होऊन दहाव्या दिवशी सुरुवात केली. हे औषध काही तासांतच शरीरातून उतरतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ असं चार दिवस, डोस रोज कमी कमी करत. सहा म्हणजे सहाच वाजता. पूर्वी पीएमएसजी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचं एकच इंजेक्शन द्यायचे म्हणे, पण ते अंगात फार दिवस राहतं आणि नको त्या वेळी पुटिका वाढवत बसतं. तिसऱ्या दिवशी माजावर आणणारं प्रोस्टाग्लँडिन दिलं, पाचव्या दिवशी पहाटे चंद्री हंबरायला लागली, सोट (माजाचा चिकट स्राव) एकदम काचेसारखा. संध्याकाळी एकदा रेतन करून भरवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत.

माजापासून सातव्या दिवशी फ्लशिंग, म्हणजे गर्भाशय धुऊन गर्भ बाहेर काढायचे. शेपटीच्या मुळाशी भूल, गर्भाशयात फुग्याचा कॅथेटर, द्रावण आत सोडायचं, परत गाळणीत घ्यायचं आणि मग मायक्रोस्कोपखाली शोधायचं. चंद्री उभीच होती, ढेप खात. गर्भ आणि अंडी मिळून नऊ मिळाले, त्यातले पाच गर्भ चांगले, दोन फळलेलेच नाहीत, दोन खराब. मी वीसेक धरून बसलो होतो पण डॉक्टर म्हणाले पाच हा चांगलाच आकडा आहे, काही गाई सगळा कोर्स करून शून्य देतात. शेवटी परत एक प्रोस्टाग्लँडिन, आत एखादा राहिला असेल तर तो रुजू नये म्हणून.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. सगळं लक्ष चंद्रीवर, आणि ज्यांच्या पोटी गर्भ ठेवायचे त्या गाईंचा विचार शेवटच्या आठवड्यात. त्यांचा माज चंद्रीच्या माजाबरोबर, फार तर एखादा दिवस मागेपुढे हवा. सहा गाई तयार केल्या, त्यातल्या तीनच बसल्या. उरलेले दोन गर्भ फ्रीज केले, ती सोय बरोबर होती हे नशीब. ज्याला करायचंय त्याने आधी या गाई बघा, दोन महिने खनिज मिश्रण चालू करा, माजाच्या तारखा लिहा, आणि मगच डोनरला (गर्भ देणाऱ्या गाईला) हात लावा.

तीनपैकी दोन गाभण आहेत, कालच हात घालून बघितलं. एक आमचीच एचएफ (होल्स्टीन) क्रॉस कालवड, आई तिला रोज संध्याकाळी चंद्रीच्या शेजारीच बांधते.