फोर्ट युकॉन: लाकूड, पाणी आणि उपासना

अलास्कातल्या फेअरबँक्सहून फोर्ट युकॉनला जायला रस्ता नाही. उन्हाळ्यात नदी, हिवाळ्यात बर्फावरची वाट आणि बारा महिने छोटं विमान. अंतर सुमारे २३० किलोमीटर, विमानाला तासभर लागतो. काउंटरवर सामानाबरोबर तुमचंही वजन करतात, कारण सात-आठ माणसांच्या विमानात किलो-किलोचा हिशेब असतो. जाड कोट, बूट, टोपी, हातमोजे बॅगेत भरू नका, अंगावर घाला. विमान मध्येच कुठे उतरावं लागलं तर अंगावर जे असेल तेवढंच कामाचं. पारा उणे ४०च्या खाली गेला की बरेचदा उड्डाणं थांबतात. इंजिनाचं तेल घट्ट होतं, रबरी सील तडकतात आणि त्या थंडीत रानात उतरलेल्या माणसाला मदत पोचेपर्यंत तग धरणं कठीण. त्यामुळे परतीच्या तिकिटाआधी तीन-चार दिवस मोकळे ठेवा.

गाव आर्क्टिक वृत्ताला अगदी खेटून आहे. पॉर्क्युपाइन नदी इथेच युकॉनला मिळते. वस्ती चारशे-साडेचारशेची, बहुतेक ग्विचिन या आदिवासी समाजाचे लोक. गावाला ते ग्विच्या झी म्हणतात. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने इथे १८४७ साली ठाणं टाकलं आणि व्यापाऱ्यांच्या मागोमाग मिशनरी आले. त्यांतल्या रॉबर्ट मॅकडॉनल्ड यांनी ग्विचिन पत्नी ज्युलिया आणि गावोगावच्या जाणत्यांच्या मदतीने अख्खं बायबल ग्विचिनमध्ये आणलं. ते १८९८ साली पूर्ण छापून आलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी ती जाड, कडा झिजलेली पुस्तकं आजही दिसतात.

दुसरं नाव हडसन स्टक यांचं. एपिस्कोपल चर्चचे हे आर्चडीकन, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू, १९०४ साली अलास्कात आले, हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाडीने आणि उन्हाळ्यात पेलिकन नावाच्या मोटरबोटीने गावोगाव फिरले आणि १९२० साली फोर्ट युकॉनलाच वारले. त्यांची कबर इथेच आहे. १९१३ साली डेनाली शिखरावर पहिल्यांदा माणसं पोचली ती त्यांच्या तुकडीची, आणि माथ्यावर पहिलं पाऊल पडलं वॉल्टर हार्परचं. त्याची आई अथाबास्कन या आदिवासी समाजाची आणि वडील आयरिश. तो स्टक यांचा दुभाष्या होता आणि गाडीची कुत्रीही तोच हाकायचा. रानात पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा, जीव स्थानिक माणसाच्या हाती असतो. तेव्हाही होता, आजही आहे.

हिवाळ्यात आमचा मुक्काम एका मिशनरी कुटुंबाकडे असतो. नवरा, बायको, शाळकरी मुलं. खर्च त्यांच्या मूळ गावच्या चर्चमंडळ्या महिन्याला थोडा थोडा उचलतात. बाहेरून येणारे पाहुणे विचारतात, सेवाकार्य कधी बघायला मिळेल? त्यांच्या हातात कुऱ्हाड द्यावी. इथे दिवसाचा बराचसा भाग घर गरम ठेवण्यात आणि पाणी आणण्यात जातो. गावकरी नव्या पाळकाला जोखतात तेही त्यावरूनच.

लाकूड कॉर्डमध्ये मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रास म्हणजे एक कॉर्ड, साधारण ३.६ घनमीटर. बेताच्या घराला एका हिवाळ्यात आठ ते बारा कॉर्ड लागतात. उभं वाळलेलं स्प्रूस (सूचिपर्णी झाड) लगेच पेटतं, पण झटकन संपतं. बर्च जड असतो, रात्रभर निखारा धरतो. फक्त तो हिवाळा संपायच्या आत तोडून, फोडून, उन्हाळाभर वाऱ्यावर रचून ठेवावा लागतो. न फोडता ठेवला तर त्याची साल ओल बाहेर जाऊ देत नाही आणि ओंडका आतल्या आत कुजतो. बाहेरून धडधाकट दिसणारा ओंडका शेगडीत नुसता धुमसतो तो यामुळे. फोडायचं काम कडाक्याच्या थंडीत करावं. गोठलेलं लाकूड कुऱ्हाडीच्या एका घावात दुभंगतं. चेनसॉला मात्र थंडी सोसत नाही. साखळीला वंगण देणारं तेल घट्ट झालं की साखळी कोरडी फिरते आणि पट्टी जळते. म्हणून हिवाळ्याचं पातळ तेल वापरतात आणि डबा घरात ठेवतात.

घराला खरा धोका धुराड्यातून. रात्री लाकूड जास्त वेळ पुरावं म्हणून शेगडीची हवा पार बंद केली की लाकूड धुमसतं आणि धुरातलं डांबर थंड नळीला आतून चिकटतं. ओल्या लाकडाने तर थरावर थर चढतात. एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की तो थरच पेट घेतो. नळीतून आगगाडी जावी तसा आवाज आला की समजावं, धुराडं पेटलंय. अशा वेळी हवेची सगळी दारं बंद करायची, मुलांना बाहेर काढायचं, शेजाऱ्यांना हाका मारायच्या. शेगडीत पाणी ओतायचं नाही. तापलेलं लोखंड तडकतं आणि वाफ अंगावर येते. हे टाळायला रोज सकाळी वीस-तीस मिनिटं शेगडी चांगली भडकू देतात, छतावरची नळी दुपदरी, उष्णता धरून ठेवणारी बसवतात आणि महिन्यातून एकदा ब्रशने धुराडं झाडतात. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीतच काढायची आणि ती बाहेर, भिंतीपासून लांब ठेवायची. राखेखाली निखारा दिवसचे दिवस जिवंत राहतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवाच.

पाणी गावातल्या भरण्याच्या जागेवरून आणतात. पाच गॅलनचा कॅन भरला की १९ किलो. गळ्यापर्यंत भरायचा नाही, पाणी गोठताना फुगतं आणि कॅन फुटतो. घसरगाडीवर पट्ट्याने आवळून आणायचा, घरात आल्यावर पहिल्यांदा झाकण सैल करायचं. पाळकाची मुलं शाळेतून आली की आधी स्वतःच्या घराचे कॅन भरतात, मग ज्या म्हाताऱ्यांना गाडी ओढवत नाही त्यांचे. तिथे चहा होतो, पायलट ब्रेड नावाची कडक बिस्किटं पुढे येतात, आणि पंधरा मिनिटांचं काम तासावर जातं. त्या तासात मुलं जेवढं ग्विचिन शिकतात तेवढं वर्गात शिकणं अवघड.

आता प्रवास. नदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोठते, मेच्या मध्यावर फुटते, आणि मधले महिने तीच हमरस्ता. पूर्वेला ब्लॅक नदीकाठी चाल्कीत्सिक, वरच्या अंगाला सर्कल, खालच्या अंगाला बीव्हर ही गावं. आजारी माणूस असो, बाप्तिस्मा असो की अंत्यविधी, पाळक स्नोमशीनवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीवर, निघतो. रात्री मशीनचा पट्टा काढून घरात ठेवायचा, थंडीने कडक झालेला पट्टा सकाळी पहिल्याच झटक्यात तुटतो. मशीन लाकडी ओंडक्यांवर उभं करायचं, नाहीतर खालचा ट्रॅक बर्फाला चिकटतो. पेट्रोल भरताना हात उघडे नकोत. उणे ४०लाही पेट्रोल गोठत नाही, ते तेवढंच थंड होऊन त्वचेवर उडतं आणि बोटं क्षणात गोठतात. गालावर पांढरा ठिपका दिसला तर उबदार तळहात टेकवायचा. चोळायचं नाही, बर्फाने तर नाहीच.

बर्फाची जाडी बघताना चालायला १० सेंटिमीटर आणि स्नोमशीनला १२ ते १८ सेंटिमीटर स्वच्छ, काळसर बर्फ हवा. पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ निम्म्या ताकदीचा धरायचा. पण मुरलेले लोकही ज्याला दबकून असतात ते म्हणजे ओव्हरफ्लो. वर पडलेल्या हिमाच्या भाराने नदीवरचा बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि बर्फ व हिम यांच्या मध्ये साचतं. हिमाचं पांघरूण असल्यामुळे ते कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. वरून सगळं पांढरं, सपाट. जवळून पाहिलं तर त्या जागी हिम किंचित बसलेलं असतं, रंगाला राखाडी. मशीन त्यात शिरलं तर थांबायचं नाही, वेग धरून पार व्हायचं. थांबलं तर ट्रॅकमध्ये गारेगार चिखल भरतो आणि पाहता पाहता दगड होतो. अडकलात तर हिमबूट घालून समोरची वाट तुडवून घट्ट करायची, ट्रॅकखाली स्प्रूसच्या फांद्या घालायच्या आणि बाहेर पडताच ट्रॅकमधला बर्फ कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून काढायचा. पाय भिजले असतील तर मशीन राहू द्या, आधी शेकोटी. म्हणून बर्चची साल आणि काड्यापेटी कोटाच्या आतल्या खिशात असते, गाडीवरच्या पेटीत नाही. जादा पट्टा, स्पार्क प्लग, कुऱ्हाड, ताडपत्री, झोपायची पिशवी, भांडं आणि सॅटेलाइटवरून निरोप पाठवायचं यंत्र हे गाडीवर. शक्यतो दोन मशीन बरोबर निघतात, आणि कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत हे मागे कुणाला तरी सांगून ठेवलेलं असतं.

रविवारची उपासना सेंट स्टीफन चर्चमध्ये बघावी. वेदीवरचं वस्त्र मूस या मोठ्या हरणाच्या पांढऱ्या कातड्याचं आहे आणि त्यावर बायकांनी मण्यांनी फुलं-पानं भरली आहेत. जवळ जाऊन पाहिलं की एकेक पाकळी मण्यांच्या शेजारी-शेजारी बसलेल्या ओळींनी भरलेली दिसते, कातडं कुठे ओढलेलं नाही की सुरकुतलेलं नाही. एवढं जाड कातडं सुईने टोचणं हेच बोटांचं काम. जुन्या ग्विचिन प्रार्थनापुस्तकातला एखादा भाग कुणी आजी वाचते तेव्हा पाळक खाली मान घालून ऐकतो. तसंच असायला हवं.

कारण इथल्या मिशनच्या इतिहासात जखमा आहेत. अलास्काच्या गावांतली मुलं मिशनच्या आणि सरकारच्या निवासी शाळांत नेली गेली, आईची भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. ते भोगलेली माणसं अजून गावागावांत आहेत. नव्या कुटुंबाने पहिली दोन वर्षं कुठलाही कार्यक्रम काढू नये, असं आमचं ठाम मत आहे. दार ठोठवावं, चहा घ्यावा, ऐकावं, लाकूड टाकून यावं. जी कुटुंबं उत्साहाने पहिल्याच हिवाळ्यात सभा भरवतात ती बहुधा लवकर परततात. सभेला माणसं येत नाहीत आणि पाळकाला त्याचं कारण कळत नाही.

पाळक किती रुजला ते कुणी वारलं की कळतं. हिवाळ्यात जमीन दगडासारखी घट्ट असते. कबरीच्या जागी मोठा जाळ करतात, तो विझला की मऊ झालेला थर खणून काढतात, पुन्हा जाळ. पुरुष पाळीपाळीने खणतात आणि पाळकानेही पाळी घ्यायची असते. लाकूड त्यानेही आणायचं. शवपेटी गावातच प्लायवुडची बनवतात. रात्र रात्र जागून गीतं म्हटली जातात, बायका मूसचं सूप आणि ब्रेड करत राहतात, पुरल्यानंतर सगळ्या गावाचं जेवण होतं. त्याला पॉटलॅच म्हणतात. प्रवचन या सगळ्यात दहा-बारा मिनिटांचं. ज्याने खणलं आहे त्याची दहा मिनिटं लोक कान देऊन ऐकतात.

मूसची शिकार शरदात, मुख्यतः सप्टेंबरमध्ये. रहिवासी म्हणून परवाना मिळायला सलग १२ महिने अलास्कात राहावं लागतं, म्हणजे नव्या कुटुंबाचं पहिलं वर्ष शेजाऱ्यांनी दिलेल्या मांसावर जातं. मोठा नर पडला की आधी कातडं उतरवायचं, कारण आतली ऊब कोंडली तर हाडाजवळचं मांस आंबतं. मग चार पाय वेगळे करून सुती पिशव्यांत वाऱ्यावर टांगायचे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं की घाम धरून खराब होतं. पहिला वाटा वृद्धांच्या घरी जातो.

माशांचं मात्र दुःख आहे. युकॉनमधला किंग सामन इतका घटला की २०२४च्या एप्रिलमध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी सात वर्षं तो न पकडण्याचा करार केला. सात वर्षं म्हणजे त्या माशाचं एक पूर्ण आयुष्य. काठाकाठाने लागणारे मासेमारीचे तळ, जिथे आजी नातवंडांना सुरी धरायला शिकवायची, तिथे वाळवणाच्या दांड्या रिकाम्या आहेत. मिशनची उन्हाळी कामंही पूर्वी याच तळांवर व्हायची. आता मुलांची बायबल शिबिरं भरतात, त्यांत जाळं विणणं आणि व्हाइटफिश चिरणं शिकवायला गावातल्याच वडीलधाऱ्यांना बोलावतात. हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो.

जायचं असेल तर मार्च सर्वांत बरा. उजेड भरपूर, वाटा घट्ट, थंडी बेताची. डिसेंबरमध्ये सूर्य जेमतेम क्षितिजाला टेकतो आणि नवख्याला अंधार जड जातो. मेमध्ये जाऊ नका. नदी फुटताना बर्फाचे बंधारे तयार होतात आणि पाणी गावात शिरतं. सर्कलमध्ये २०२३ साली असाच मोठा पूर आला होता. यजमानांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका, अंत्यविधीचे तर मुळीच नाही. राहण्याचे पैसे ते घेणार नाहीत. त्याऐवजी फेअरबँक्सहून संत्री, सफरचंदं, कांदे आणि ताजी अंडी न्या. विमानात ती कोटाखाली धरून बसा, मागच्या सामानात ठेवली तर गोठतात.