तुम्ही विचारलंत म्हणून: लेथची लेव्हल काढली, तरी टेपर का येतो?

"काका, नवीन लेथ घेतलाय. लेव्हल लावून नीट बसवलाय. तरी जॉबला टेपर येतोय. मशीनच वाकडं गळ्यात मारलंय का?"

टूलरूममधून निवृत्त होऊन कळंब्याला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साडेचार फुटी लेथ (लोखंड फिरवत गोल कापायचं यंत्र) टाकला, तेव्हापासून हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणारे सगळ्या तऱ्हेचे असतात. इंजिनिअरिंगची पोरं असतात, रिटायर झालेले बँकवाले असतात, बुलेटचे बुश घरीच काढायचे म्हणून हट्टाला पेटलेले असतात. उद्यमनगरातली वर्कशॉपं हाकेच्या अंतरावर असताना घरात लेथ कशाला, हे मात्र मी कुणाला विचारत नाही. नाद आहे, एवढं उत्तर कोल्हापुरात पुरतं.

टेपर म्हणजे जॉब, कापायचा तुकडा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक येणं. त्याचं उत्तर असं की बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं. तुमच्या फरशीनं त्याला पीळ दिलेला असतो. हे सांगितलं की समोरचा हसतो. एवढं अर्ध्या टनाचं बिडाचं धूड, ते काय पिळणार? तर ते पिळतं. एक पाय अधांतरी असलेल्या बाजेवर माणूस बसला की तो पाय टेकतो, पण टेकतो तो बाज पिळूनच. लेथचे बोल्ट आवळताना तेच होतं. चौथा पाय जमिनीपासून केसभर वर असेल आणि तुम्ही पाना लावून तो खाली ओढलात, तर जमीन काही वर येत नाही, बेड, म्हणजे लेथचा लांब पाया, खाली वाकतो. आणि कारखान्यात ग्राइंडिंग करून सरळ केलेला तो बेड तुमच्या घरी टेलस्टॉकच्या (जॉबच्या मोकळ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) टोकाला थोडासा मुरडलेला राहतो.

आता हा मुरडा जॉबवर कसा उतरतो ते बघा. टूल, म्हणजे कापणारं हत्यार, बेडच्या वर, समजा १५० मिमी उंचीवर आहे. चकाजवळ, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ, कॅरेज (टूल घेऊन बेडवरून सरकणारा भाग) सरळ आहे आणि टेलस्टॉककडं जाता जाता मीटरला ०.१ मिमी एवढीच पुढच्या बाजूला कलली. एवढ्या कलानं टूलचं टोक १५ मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी) तुमच्याकडं सरकतं, म्हणजे व्यासात ३० मायक्रॉन वाढतात. गवंड्याच्या साध्या लेव्हलची अचूकता मीटरला अर्धा मिलिमीटर असते. त्यामुळं बबल दोन रेघांच्या मधोमध गपगार बसलेला असतो, तुम्ही समाधानानं चहा घेता, आणि तेवढ्या कलात व्यासाला ०.१५ मिमीपर्यंत फरक बसलेला असू शकतो. बेअरिंगच्या बैठकीला हा फरक म्हणजे जॉब भंगारात.

म्हणून मी म्हणतो, लेव्हलमध्ये असणं हा मुद्दाच नाही. जहाजांवरच्या वर्कशॉपमध्येही लेथ असतात, समुद्रात डोलत डोलत चालतात आणि जॉब बरोबर देतात. बेड सगळाच्या सगळा एका बाजूला कलला तरी चालेल, त्याची दोन टोकं एकमेकांशी एकमतानं कललेली असली म्हणजे झालं. लेव्हलचं काम ही दोन टोकं ताडून बघण्यापुरतं आहे. त्यासाठी मीटरला ०.०२ मिमीचा मशीन लेव्हल लागतो. तो विकत घेऊ नका, महाग असतो आणि वर्षातून एकदा लागतो. शिरोलीतल्या किंवा गोकुळ शिरगावातल्या कारखान्यात कुणी ओळखीचा असेल तर एका रविवारपुरता मागून आणा, आणि कापडात गुंडाळून परत द्या. आधी बेडवर आडवा ठेवून रीडिंग घ्या, मग तोच लेव्हल जागेवरच टोकं अदलाबदल करून फिरवा आणि पुन्हा घ्या. दोन्ही वेळा बबल लेथच्या एकाच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसला तर लेव्हलवर विश्वास ठेवा. मग चकाजवळ आणि टेलस्टॉकच्या टोकाला, दोन्हीकडं सारखं रीडिंग येईपर्यंत पाय वरखाली करा.

पण त्याही आधी जमीन. आपल्याकडच्या काळ्या मातीचा भरवसा नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या कोब्याला बरोबर घेऊन फिरते. जुन्या घरातली शहाबादी फरशी तर खालून कुठं पोकळ आहे हे ठोकून बघितल्याशिवाय कळत नाही. माझं ऐकाल तर लेथच्या जागेपुरती फरशी काढा, मुरूम भरून धुमसा आणि सळई घालून काँक्रीट ओता. काँक्रीटला पूर्ण ताकद धरायला २८ दिवस लागतात, तेवढे थांबा. नवीन मशीन दारात उभं असताना हे कुणालाच जमत नाही, हे मला ठाऊक आहे. तेवढ्या दिवसांत मशीनला लावून आलेलं गंजरोधक ग्रीस डिझेलनं धुवा, फडक्यानं पुसा, बेडला ६८ नंबरचं तेल लावा. गिबचे (सरकत्या भागांचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू बघा, क्रॉस स्लाइड (टूल आतबाहेर सरकवणारा भाग) हाताला जड पण एकसारखी लागली पाहिजे. घरचं कनेक्शन सिंगल फेज असेल आणि मोटर थ्री फेज, तर व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह) बसतो, पण मोटर २३० व्होल्टला डेल्टात (त्रिकोणी जोडणीत) जोडता येते का ते प्लेटवर वाचा आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. हे सगळं होईपर्यंत काँक्रीट तयार होतं.

पाय बसवताना आधी चारही पाय नुसत्या वजनावर टेकू द्या. जिथं फट दिसेल तिथं पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, सारा, पुठ्ठा नको, रबराचा तुकडा नको. मगच बोल्ट हलक्या हातानं आवळा.

आणि लेव्हलनं होकार दिला तरी शेवटचा शब्द कटचा. पाचगावातल्या एका मुलाच्या शेडमध्ये मध्यंतरी गेलो होतो, तिथलं सांगतो. त्याचं मशीन नवं कोरं, रंगाचा वास अजून येत होता. चाळीस मिमीचा माइल्ड स्टीलचा बार चकात धरला, दोनशे मिमी बाहेर ठेवला. टेलस्टॉक मागं सारून ठेवला, कारण त्याला मध्ये घेतलं की दोष कुणाचा हे कळत नाही. बारचा मधला भाग थोडा खाली घेतला आणि दोन टोकांना बोटभर रुंदीच्या दोन कॉलर, म्हणजे जाड पट्टे, ठेवल्या. टूल मुद्दाम एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा), ऑइलस्टोनवर घासून धार दिलेला. कार्बाइड इन्सर्ट (कारखान्यातून तयार येणारं कडक पातं) एवढ्या बारीक कटाला कापत नाही, नुसता घासतो आणि खोटं सांगतो. कंपाउंड (क्रॉस स्लाइडवरची छोटी स्लाइड) लॉक केला. क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही कॉलरवरून एकच बारीक कट काढला. दोऱ्यासारखा कीस निघत होता. बार हाताला कोमट लागला म्हणून थांबलो, कारण चाळीसच्या बारला वीस अंश तापमान वाढलं की नऊ मायक्रॉन वाढतात आणि आपण नेमके तेवढेच शोधत असतो.

गार झाल्यावर मायक्रोमीटर लावला. चकाजवळची कॉलर ३८.६२, बाहेरची ३८.६५. मुलाचा चेहरा पडला. लगेच म्हणाला, "हेडस्टॉक सैल करू या?" म्हणजे चक फिरवणारा अख्खा डोक्याकडचा भाग. त्याला म्हटलं, हेडस्टॉकला हात लावशील तर मी चाललो.

बाहेरची कॉलर जाड, म्हणजे त्या टोकाला टूल बारपासून लांब जातोय. टूल आपल्या बाजूला, पुढं आहे. म्हणजे टेलस्टॉककडचा पुढचा पाय खाली बसलाय. त्याचा लॉक नट सैल केला आणि उचलायचा नट अर्धा पैलू फिरवला. एम १२ च्या आट्याचा पिच १.७५ मिमी असतो, म्हणजे षटकोनी नटाच्या एका पैलूला, सहाव्या भागाच्या फेऱ्याला, साधारण ०.३ मिमी उचल मिळते, अर्ध्याला त्याची निम्मी. लॉक नट आवळला, पुन्हा एक कट. ३८.५१ आणि ३८.५२. मुलगा बेडकडं बघत राहिला, एवढं लोखंड त्या अर्ध्या पैलूनं हललं होतं. पुन्हा नटाला जेमतेम स्पर्श, पुन्हा कट, आणि मायक्रोमीटरला दोन्ही कॉलर सारख्या लागल्या. उलटं झालं असतं, चकाजवळची कॉलर जाड आली असती, तर तोच पाय खाली सोडायचा होता.

चकाबद्दलही एक गैरसमज काढून टाकतो. तीन जॉच्या चकात बार धरून डायल गेज लावायचा, ०.०८ मिमी रनआउट (फिरताना होणारी डगमग) बघायचा आणि फोन करायचा की स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, वाकडा आहे. अहो, तीन जॉच्या चकाला तेवढा रनआउट नवलाचा नाही. तुम्ही एका पकडीत जॉब काढलात की टूल जे काही कापतो ते स्पिंडलच्या अक्षाभोवतीच गोल होतं, चक काहीही म्हणो. स्पिंडलवर संशय असेल तर चक काढा आणि डायल थेट स्पिंडलच्या नाकावर लावा. जॉब उलटून धरायचा असेल आणि दोन्ही बाजू एका रेषेत हव्या असतील, तर चार जॉचा चक काढा आणि डायल लावून सेंटर करा. पहिल्यांदा वैताग येतो, नंतर हात बसतो.

टेलस्टॉक सगळ्यात शेवटी. बेडचा पीळ निघाल्यावर दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांमध्ये) लांब बार धरून तोच दोन कॉलरचा कट काढा, आणि आता जो फरक येईल तो टेलस्टॉकच्या बाजूच्या स्क्रूनं घालवा. बरेच जण इथूनच सुरुवात करतात. पिळलेल्या बेडवर टेलस्टॉक सरकवून टेपर मारतात, त्या एका लांबीला जॉब बरोबर येतो, आणि आखूड जॉब चकात धरला की टेपर परत हजर. मग माझा फोन वाजतो.

फेसिंगही, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापणंही, एकदा तपासा. फेस किंचित खोलगट आला तर चांगलं, कारण तो दुसऱ्या फेसवर कडेनं बसतो, हलत नाही. मध्यभागी फुगीर आला तर मात्र विक्रेत्याला बोलवा, कारण क्रॉस स्लाइडचा काटकोन तुमच्या बोल्टनं सुधारत नाही. टेपरच्या तक्रारीत मी सहसा विक्रेत्याची बाजू घेतो, इथं तुमची घेईन.

तो कॉलरचा बार भंगारात टाकू नका, त्याच्यावर अजून पुष्कळ कट शिल्लक असतात. पहिल्या पावसाळ्यानंतर जमीन बसलेली असते, तेव्हा तोच चकात धरून परत बघा. मी हे खंडेनवमीला करतो. त्या दिवशी मशीन धुऊन पुसून घ्यायचंच असतं, झेंडू वाहायचा असतो, मग कट काढायला कितीसा वेळ लागतो? फक्त नारळ शेडच्या उंबऱ्यावर फोडा आणि हळदकुंकू हेडस्टॉकच्या रंगावर लावा. बेडवर नारळाचं पाणी सांडलं आणि रात्रभर राहिलं, तर दसऱ्याच्या सकाळी गंजाचे ठिपके घासत बसावं लागतं.