ऑपरेशन नाक्यापलीकडे, तक्रार बेळगावात

आक्काचं पिशवीचं ऑपरेशन आम्ही निपाणी सोडून नाक्यापलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका खासगी दवाखान्यात केलं. कारण एकच, तिथं सगळे मराठी बोलतात. आक्का विड्या वळते. कन्नड तिला बाजारापुरतं येतं, आणि दुखणं सांगायला तेवढं पुरत नाही.

ऑपरेशननंतर पोट दुखायचं थांबेना. दोनदा परत गेलो, दोन्ही वेळा "टाके आतून भरतायत" म्हणून गोळ्या देऊन पाठवलं. दहाव्या महिन्यात ताप उतरेना, तेव्हा बेळगावात सीटी स्कॅन केला आणि चौथ्या दिवशी पोट पुन्हा उघडलं. आत गॉजचा बोळा होता.

भाचा चार पोरं घेऊन त्या दवाखान्याकडं निघालाच होता, त्याला कोगनोळी नाक्यावरून माघारी आणला. आक्का मात्र खाटेवरून शांतपणे म्हणाली, "आमच्या हजार विड्या मोजून घेतात, वर खराब विड्यांची छाट काढतात. ह्यांना पोटातली फडकी मोजता येईनात?" पुढं अडीच वर्षं आमची केस ह्याच एका वाक्यावर चालली, फक्त वकिलीच्या भाषेत.

बेळगावच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मामा, फाईल कुठाय?" आमच्याकडं डिस्चार्ज कार्ड आणि बिलं, बस्स. केसपेपर मागितले की डॉक्टरांनी 72 तासांत द्यायचे, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे, हे तेव्हा कळलं. काउंटरवर "डॉक्टर गावाला गेलेत" हे उत्तर तीनदा ऐकलं. मग लेखी अर्ज दिला, पोहोच घेतली आणि तोच अर्ज रजिस्टर पोस्टानंही पाठवला. आठव्या दिवशी सगळी फाईल झेरॉक्स होऊन आली. त्यात ऑपरेशनच्या वेळी गॉज मोजल्याचा रकाना होता. बरोबरची खूण होती, सही कुणाचीच नव्हती.

बेळगावच्या सर्जननी ऑपरेशन छान केलं, पण लिहून द्यायला कचरत होते. मी एवढंच म्हटलं, "चूक कुणाची ते लिहू नका साहेब, काय दिसलं तेवढं लिहा." त्यांनी पोटातून गॉज काढल्याची नोंद केली आणि बोळा लॅबला पाठवला. दुसऱ्या डॉक्टरकडं जाणाऱ्यानं हा कागद घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नये.

पोलिसात जायचा विचार बाईंनी मोडून काढला. फौजदारीला घोर निष्काळजीपणा लागतो, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या निकालामुळं पोलीस आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत मागतात. मेडिकल कौन्सिल डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकतं, पण पैसे देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगच. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे 1995 पासून पक्कं आहे. सरसकट सगळ्यांवर फुकट उपचार करणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र ही वाट नाही.

दवाखाना कोल्हापूर जिल्ह्यातला, म्हणून मला धास्ती होती ती कोल्हापूरच्या खेपांची. पण 2019 चा नवा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला, आणि त्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. समोरच्या वकिलांनी "ऑपरेशन महाराष्ट्रातलं, बेळगावचा संबंध काय?" असं विचारून पाहिलं. आम्ही आक्काचं रेशनकार्ड पुढं केलं. सीमाभागातल्या माणसाला "तू नक्की कुठला?" हे जन्मभर ऐकावं लागतं. इथं पहिल्यांदा त्या उत्तराचा फायदा झाला.

फी लागली नाही. ती मागितलेल्या भरपाईवर नसते, आपण उपचाराला मोजलेल्या पैशावर असते आणि पाच लाखांपर्यंत माफ आहे. आमचं पहिलं बिल 58,000 चं.

मुदत दोन वर्षांची. गॉज सापडल्यापासून मोजायची असं मी धरून चाललो होतो. बाईंनी गोव्यातल्या एका नर्सची केस सांगितली. ऑपरेशन 1993 चं, मुंबईतलं; गॉज सापडलं 2002 मध्ये. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत असताना आधीच तपासून घ्यायला हवं होतं. दुखतंय म्हणून आम्ही दोनदा परत गेलो होतो हे दाखवायला, आक्कानं बिस्किटाच्या डब्यात जपलेल्या दोन ओपीडी चिठ्ठ्या तेव्हा कामी आल्या.

गंमत म्हणजे त्या चिठ्ठ्या आणि संमतीपत्र मराठीत. ज्या मराठीसाठी नाका ओलांडला, तिचंच इंग्रजी भाषांतर करून प्रतिज्ञापत्रासह जोडावं लागलं. त्यातही "सर्व धोके मान्य" ह्या ओळीवर समोरच्यांची भिस्त होती. आमच्या बाईंनी औरंगाबादच्या सिव्हिलची केस काढली. 1963 मध्ये तिथं एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला होता आणि ती दगावली. असा प्रकार स्वतःच बोलतो, निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करायला नको, असं म्हणून सुप्रीम कोर्टानं खालच्या कोर्टाची 36,000 रुपयांची भरपाई पुन्हा लागू केली ती 1996 मध्ये. तेहतीस वर्षं! मी आकडा मनात केला आणि आमच्या तारखांबद्दल कुरकुर बंद केली.

सगळ्यांचं असं होत नाही. शेजारच्या काकांचा गुडघा ऑपरेशननंतर बिघडला, पण काळजी घेऊनही बिघडू शकतं, असं बाईंनी त्यांना सरळ सांगितलं आणि केस घेतली नाही.

भरपाई मागताना बुडालेली मजुरी आक्काच्या विडीच्या पुस्तकातून काढली, हजारीच्या दरानं. गाडीखर्चातलं पावती नसलेलं सगळं कापलं गेलं. मागितले नऊ लाख, मिळाले 4,10,000 आणि व्याज. डॉक्टर आणि दवाखाना दोघांनी मिळून द्यायचे.

दवाखान्यानं 45 दिवसांच्या आत राज्य आयोगाकडं अपील केलं. त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, ती त्यांनी भरली आहे. आक्का परत विड्या वळायला बसते, पण आता मांडीवर सूप फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून दिवसाला पाचशेच होतात.