आमची वाटचाल : वह्या-गाइडांपासून कुमार कादंबऱ्यांपर्यंत

बडोद्याच्या रावपुऱ्यातलं आमचं दुकान सासऱ्यांनी सुरू केलं तेव्हा पाटीवर ‘शालोपयोगी पुस्तके, वह्या व स्टेशनरी’ एवढंच होतं. पाटी अजून तीच आहे, खाली फक्त एक ओळ वाढली: ‘नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबऱ्या मिळतील.’ आज गल्ल्यात येणाऱ्या पैशातला मोठा भाग या ओळीमुळे येतो, असं सांगितलं की जुनी गिऱ्हाइकं अजून हसतात.

शालेय पुस्तकांचा धंदा म्हणजे जूनचा धंदा. शाळा उघडायच्या आगेमागे दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि वर्षभराचं भाडं तेवढ्यात निघायचं. पुढे शाळांनीच पुस्तकांचे संच द्यायला सुरुवात केली, मराठी माध्यमाचे वर्ग आटत गेले. त्यातच एका मोठ्या शाळेने मागवलेल्या वह्यांचे पैसे दीड वर्ष लटकवून ठेवले. वसूल झाले खरे, पण शाळांच्या भरवशावर दुकान चालवायचं नाही हे सासऱ्यांनी तेव्हाच ठरवलं. मग चालवायचं कशावर, ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

गोष्टींची पुस्तकं आधीपासून होती. चित्रांची पुस्तकं आजी-आजोबा न विचारता घ्यायचे. पण मूल चौथी-पाचवीत गेलं की कपाट संपायचं. चित्रांची पुस्तकं त्याला ‘बेबी’ वाटायची, आणि पुढचं म्हणून मोठ्यांनी हातात दिलेलं असायचं थेट थोरांचं चरित्र. मधल्या वयाला मराठीत काही नाहीच, असं गिऱ्हाइकंही म्हणायची आणि आम्हीही मान डोलवायचो. पुण्याच्या प्रकाशकांच्या याद्या नीट चाळल्या तर बऱ्याच कुमार कादंबऱ्या होत्या, आणि नव्याही निघत होत्या. बडोद्याच्या मुलापर्यंत पोचवणारं मधे कुणी नव्हतं.

आता बडोद्याचं मूल म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. देवनागरी येते ती हिंदीच्या तासामुळे, पण वेग बेताचा. मराठी बोलायला लागलं की थांबत नाही, आणि तेच मूल दीडशे पानांची मराठी कादंबरी बघून दोन पावलं मागे सरकतं. म्हणून आमच्याकडे ‘वय काय?’ या प्रश्नाने फारसं काम होत नाही. मी विचारते, शेवटची कुठली गोष्ट घरी खूप वेळ सांगत बसला होतास? उत्तर क्रिकेटचं येतं, यूट्यूबवरच्या भुताचं येतं, एकदा तर गच्चीवरच्या कबुतराच्या अंड्यांचं आलं होतं. त्यावरून पुस्तक काढायचं. मग दारापाशी ठेवलेल्या स्टुलावर बसवून पहिली तीन पानं वाचायला द्यायची. आईने शेजारी उभं राहायचं नाही, ही अट. तिसऱ्या पानानंतर चौथं आपोआप उलटलं तर पुस्तक बांधायचं, नाहीतर दुसरं. वेग अगदीच कमी असेल तर पहिली दोन प्रकरणं आजीने मोठ्याने वाचून दाखवावीत आणि ऐन रंगात आलं की स्वयंपाकाला उठून जावं, असं मी सांगते. आज्यांना हे फार आवडतं.

बडोद्यात पुस्तकांबद्दल बोलायचं आणि सयाजीरावांना वगळायचं, हे शक्य नाही. 1906 मध्ये त्यांनी राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावच्या वाचनालयांची घडी बसवली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी कपाटांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरच्या माणसाची सावली खाली दिसते. मुलांसाठी त्यांनी सयाजी बालज्ञानमालाही काढली, मराठीत आणि गुजरातीत. पण नाव बघा: बाल-ज्ञान-माला. मुलाच्या हातात पुस्तक द्यायचं ते ज्ञानासाठी, ही समजूत या शहराच्या अंगात अशी मुरली आहे की आजही कादंबरी पुढे केली की पालक आधी विचारतात, ‘यातून शिकायला काय मिळतं?’ शेजारच्या गुजराती बेनसुद्धा तेच म्हणतात, ‘आमांथी शुं शीखवा मळे?’ पूर्वी मी मूल्यंबिल्यं सांगत बसायचे. आता सांगते, काही नाही, पुढे काय होतं ते कळतं. थोडा वेळ शांतता पसरते, पण निम्मे लोक घेतात.

दुकानात येणारी प्रत्येक नवी कादंबरी आम्ही आधी वाचतो, मी किंवा माझी नणंद. तात्पर्य शेवटच्या पानावर ठळक अक्षरात छापलेलं असेल तर पुस्तक परत जातं. अक्षर बारीक असेल तर गोष्ट कितीही चांगली असली तरी दोनच प्रती ठेवतो. मोठ्या माणसांनी सगळे प्रश्न सोडवले आणि मुलं नुसती टाळ्या वाजवत राहिली, असं पुस्तक तर बोलूच नका. या वयाच्या वाचकाला स्वतःच्या उंचीचं कुणीतरी गोष्टीत धडपडताना दिसायला हवं.

वाचून झालं की आतल्या पानावर चिठ्ठी लावतो: कुणाला आवडेल, किती वेळ पुरेल, भीती कितपत, सुरुवात संथ आहे का. चिठ्ठीवर ‘कुत्रा मरतो का?’ हा रकाना मुलांनीच घालायला लावला. एका मुलीने अशी एक कादंबरी परत आणली आणि माझ्यावरच डोळे वटारले. तेव्हापासून कुत्रा, मांजर, आजोबा, सगळ्यांची खबर चिठ्ठीवर असते. हळूहळू मुलं स्वतःच चिठ्ठ्या लिहायला लागली. ‘पहिली वीस पानं बोअर, पुढे जबरदस्त’ ही चिठ्ठी लागली आणि त्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती गेल्या. माझ्या चिठ्ठीने असं कधी झालेलं नाही.

पुरस्कारांचं सांगायचं तर साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून दिला जातो, आणि अलीकडे मराठीत तो कादंबऱ्यांना वरचेवर मिळतोय, याचा आम्हाला फायदाच होतो. सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ (2019), संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (2022) आणि भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ (2024) ही तिन्ही आमच्या मधल्या फळीवर कायम असतात. जो मुलगा वाचतच नाही असं आई सांगते, त्याला आधी भूतबंगला. स्वतः वहीत काहीबाही लिहिणाऱ्या मुलीला पियू. मुल्लांचं पुस्तक झाडं, पक्षी, पायवाटा यांत रमणाऱ्याला द्यायचं. पुरस्काराचा गोल शिक्का मात्र मी मुलाला दाखवत नाही, तो बापाला दाखवते. मुलाला शिक्का दिसला की हे शाळेचं पुस्तक, अशी त्याला शंका येते.

हिशेबाचं थोडं. कादंबरी दीडशे-दोनशे रुपयांची, छापील किमतीवर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सूट मिळते, त्यातून पुण्याहून पार्सलचा खर्च जातो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, एवढी एक शांतता. खरी अडचण न खपलेल्या मालाची. काही प्रकाशक परत घेतात, काही घेत नाहीत; घेत नाहीत त्यांची पुस्तकं आम्ही पाच-पाचच मागवतो आणि पुन्हा पुन्हा मागवतो. अंकलेश्वर, नवसारीकडच्या घरांतूनही मागणी येते. ती पुस्तकं आधी रजिस्टर्ड बुक पोस्टाने जायची. ती सोय बंद झाली तेव्हा टपालखर्च पुस्तकाच्या निम्म्यावर गेला आणि आम्ही बाहेरगावच्या ऑर्डरी थांबवल्या होत्या. मे 2025 पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ आणलं, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून दर. पोचायला वेळ लागतो, पण आता पुन्हा पाठवतो.

घरात सध्या एकच वाद आहे: इंग्रजी कादंबऱ्यांना वेगळं कपाट द्यायचं की मराठीच्याच शेजारी लावायच्या. नणंद म्हणते, शेजारी लावल्या तर मूल इंग्रजीच उचलेल. मी म्हणते, उचलू दे, दुसऱ्या खेपेला शेजारचं दिसेल. दिवाळीच्या सुट्टीत मधली फळी मिसळून लावून बघायचं ठरलं आहे. नव्या कादंबऱ्यांचं पार्सल त्याआधी येईल. चिठ्ठ्या लिहायला हौशी मुलं हवी आहेत. लिहिणाऱ्याला पुस्तक घरी न्यायला मिळतं, आठवड्याच्या बोलीवर, डाग न पाडता. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, बडोदेकरांना ते सांगायला नको.