खाऱ्या पाण्याचा भाव

शनिवार, रात्र

इथल्या सुपरमार्केटात वस्तूचा खरा भाव मोठ्या आकड्यात नसतोच. तो असतो लेबलच्या तळाशी, चष्मा असूनही डोळे बारीक करावे लागतील अशा अक्षरांत: किलोला इतके, लिटरला इतके. पाकिटावर छापील किंमत नाही, जे काय ते फळीवरच्या पट्टीवर. इंग्लंडात रेडिंगला आल्यापासून मी फक्त तो खालचा आकडा वाचते. पण ऑलिव्हच्या फळीपुढे तोही पुरत नाही.

आज वहिनींबरोबर गेले होते. वहिनी नात्याने माझ्या कोणी नव्हेत. मूळच्या कोल्हापूरच्या, इथे येऊन हयात गेलेली, आणि इथल्या सगळ्या मराठी घरांच्या वहिनी. नातवाचे मित्र उद्या पिझ्झा खायला येणार, म्हणून त्यांना ऑलिव्ह हवे होते. बिनबियांची बाटली १ पौंड ६० पेन्स, खाली किलोला १० पौंड. बियांसकटच्या कालामाताची (ही ऑलिव्हची एक ग्रीक जात) बाटली १ पौंड ९० पेन्स, किलोला साडेनऊ. थंड कपाटात तेल-लसूण लावलेले डबे, २ पौंड ७५ पेन्सना दीडशे ग्रॅम, आणि तिथे खालचा आकडा किलोला नव्हे तर १०० ग्रॅमला: १ पौंड ८३ पेन्स. वर ठसठशीत लाल पट्टी, कोणतेही दोन साडेचार पौंडांना.

"अगं, हे बघ की! तिकडं दहा आणि हितं दोनसुद्धा न्हाईत," वहिनी म्हणाल्या.

मी सांगायच्या आत मागून एक आजोबा म्हणाले, दहाने गुणा. त्यांच्या हातात चक्क भिंग होतं. गुणलं तर किलोला १८ पौंड ३० पेन्स. दोन घेतले तरी १५. आजोबांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. उतरवलेल्या भावाची पिवळी स्टिकरं कोणत्या दुकानात संध्याकाळी किती वाजता लागतात, याचं वेळापत्रकच त्यांनी आम्हाला ऐकवलं. बाबागाडी घेतलेली एक मुलगीही थांबली. तिचं म्हणणं, लाल पट्टी दिसली की ती आधी शेजारच्या फळीवर बघते, कारण बहुतेकदा तिथे तेच स्वस्त असतं. गिऱ्हाइकांची अशी सभा भरलेली मला आवडते. घासाघीस करायला कोणी समोर नसतं, तेव्हा माणसं निदान एकमेकांशी तरी बोलतात.

हा १०० ग्रॅम आणि किलोचा गोंधळ दुकानदाराच्या डोक्यातूनच निघालेला नाही, त्याचं मूळ कायद्यात आहे. २००४च्या प्राइस मार्किंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे भाव कसे लावावेत याच्या सरकारी आदेशाप्रमाणे, मोठ्या दुकानांना नगाच्या किमतीबरोबर मापाचा भावही लावावा लागतो. २८० चौरस मीटरपर्यंतच्या लहान दुकानांना सूट आहे. (रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी ठेवायच्या नियमातही हाच २८०चा आकडा आहे. या देशाचा त्याच्यावर भारी जीव.) त्या आदेशाच्या मूळ रूपाला एक यादी जोडली होती: सर्वसाधारण माल किलोवर, पण लोणची, सॉस, डिप असल्या गोष्टी १०० ग्रॅमवर. आता ऑलिव्ह म्हणजे लोणचं, भाजी की दारूबरोबरचा चकणा? ज्या खणात बसवाल तसं माप. बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने जुलै २०२३च्या अहवालात नेमकं याच विसंगतीवर बोट ठेवलं. आदेशात दुरुस्तीही झाली, पण तिची अंमलबजावणी ऑक्टोबर २०२५वरून एप्रिल २०२६वर ढकलली गेली.

कार्डाच्या भावावरून, म्हणजे दुकानाचं सभासद-कार्ड असलेल्यांनाच मिळणाऱ्या कमी भावावरून, वहिनींचं आणि माझं जुनं भांडण आहे. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात तीन दुकानांची कार्डं लटकतात. मला वाटायचं, कार्डाचा भाव स्वस्त दिसावा म्हणून बिनकार्डाचा भाव आधी फुगवून ठेवत असतील. याच ऑथॉरिटीने सुमारे ५०,००० वस्तूंचे भाव तपासले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलं, की ९२ टक्के वस्तूंवर नेहमीच्या भावापेक्षा खरीच बचत होते. वहिनींनी ती बातमी मला दोनदा पाठवली होती. पण त्याच अहवालात हेही आहे, की कार्डाचा भाव म्हणजे बाजारातला सर्वांत कमी भाव असं समजू नका. ते वाक्य मी त्यांना पाठवलं, त्याला उत्तर आलेलं नाही.

आता पाण्याबद्दल. बिनबियांच्या बाटलीवर वजन ३४० ग्रॅम, आणि त्याखाली निथळलेलं वजन १६०. म्हणजे निम्म्याहून जास्त खारं पाणी! तरी याबाबतीत कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. निथळलेलं वजन छापणं सक्तीचं आहे आणि मापाचा भावही त्यावरच काढायचा असतो. किलोला दहा पौंड म्हणजे खरोखर किलोभर ऑलिव्हचे दहा पौंड. पाण्याचे पैसे आकड्यात धरलेले नाहीत, बाटली मात्र उगाच थोराड दिसते.

कायदा पाणी निथळतो, बी काढत नाही. कालामाता घरी आणल्या, थोड्या वाटीत काढून वजनकाट्यावर ठेवल्या, मग गर खाऊन बिया पुन्हा काट्यावर. वजनाचा साधारण पाचवा हिस्सा बियाच भरल्या. म्हणजे साडेनऊचा किलो प्रत्यक्षात पावणेबारा-बाराला पडला आणि 'महाग' बिनबियांची बाटली स्वस्त निघाली. हे मापात पाप नव्हे, सगळं छापलेलंच आहे. फक्त जो आकडा मला हवा, तो कुठेच नाही. (चवीत कालामाता केव्हाही सरस, पण दहा वर्षांच्या पोरांच्या पिझ्झ्यावर कोण ती चव बघणार?)

वहिनींनी दुकानात शेवटी घेतल्या त्या काळ्या ऑलिव्हच्या चकत्या, सगळ्यांत स्वस्त. आजोबांचं भिंग मागून मी घटकांची यादी वाचली: त्यात फेरस ग्लुकोनेट. ही फळं झाडावर काळी झालेलीच नसतात. हिरवी तोडून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मुरवून, हवा देऊन काळी करतात आणि तो रंग टिकावा म्हणून लोहाचा हा क्षार घालतात. पिकायची वाट बघायची नाही, त्यामुळे स्वस्त पडत असणार. वहिनी म्हणाल्या, "लोह हाय न्हवं? मग पोरांना चांगलंच की."

हे लिहिता लिहिताच त्यांचा मेसेज आला. घरी जाऊन त्यांनी कपाटातला सगळा डबाबंद माल ओट्यावर मांडला होता. छोल्यांचा डबा ४०० ग्रॅम, निथळलेलं वजन २४०. साठ पेन्सचा डबा म्हणजे किलोला अडीच पौंड. सुके छोले भिजवून शिजवले की वजनाला दुपटीहून जास्त भरतात, आणि किलोचं पाकीट दोन पौंडांना मिळतं, हा हिशेब मी लगेच कळवला. त्यांचं उत्तर: "मग आत्ता भिजत घालते. उद्या पोरं पिझ्झा खातील, आपण छोले. कांदे घेऊन ये, माझ्याकडचे संपलेत."