तोंडपाठ पॉलिसी

ऑडिटला आठ दिवस उरले होते आणि मी चाकणच्या आमच्या मशीनशॉपमध्ये सगळ्यांकडून क्वालिटी पॉलिसी घोकून घेत होतो. पॉलिसी लोकांपर्यंत पोचलेली, त्यांना समजलेली आणि अमलात आलेली हवी, असं आयएसओ ९००१ या दर्जाव्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम आहे. 'अमलात' हे तेव्हाच वाढलं. २००८ मध्ये पहिली दोनच होती. आम्ही तिन्हींवर एकच तोडगा काढला: कार्ड छापून आयडीच्या मागं सरकवलं. मराठी भाषांतर माझंच. 'सातत्यपूर्ण सुधारणेद्वारे ग्राहकसमाधान'. असं मी घरी बोललो असतो तर आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

ऑडिटर नेमके डीबरिंगच्या, म्हणजे भोकांच्या कडांना राहिलेली धातूची बारीक कुसळं (बर) काढायच्या टेबलाशी थांबले. "मावशी, कंपनीची क्वालिटी पॉलिसी काय?"

सकाळी घडाघडा म्हणणाऱ्या मावशी गप्प. मी ऑडिटरांच्या पाठीमागून नुसते ओठ हलवत 'ग्राहक, ग्राहक' करतोय.

"बरं, राहू द्या. काम दाखवा तुमचं."

मावशींनी व्हॉल्व्ह बॉडी उचलली. काडीला कापूस गुंडाळला, बोअरमध्ये घालून हलकेच फिरवला. "आडवं भोक मधल्या भोकाला मिळतं ना, तितं बर ऱ्हाती. डोळ्याला दिसत न्हाय. कापसाचा धागा अडकला की समजायचं. ती तेलात सुटली तर व्हॉल्व्ह जाम."

तेलाचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कुणाला तरी विचारून घेतलं असणार.

"आणि धागा अडकला तर?"

"लाल पेटीत. मागच्या महिन्यात लई निघाले. मी म्हटलं, सगळी पेटी बघितल्याबिगर सोडत न्हाय."

"मग?"

"मग काय, सर वरडले. गाडी उभी हुती ना दारात." आणि त्यांनी सरळ माझ्याकडं हात केला.

ऑडिटर हसले नाहीत. "तो माल गेला?"

"न्हाय वो. रात्री बसून साफ केला."

त्यांनी रिवर्कचं रजिस्टर मागवलं. तारीख सापडली, नग जुळले, मावशींचा अंगठ्याएवढा मोठा सही-फराटा होता. कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात एकच शब्द: 'किरकोळ'.

त्यांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पान उलटलं.